रॉकने ब्लूजकडून नेमकं काय घेतलं?

उत्तररात्र

'रॉक ब्लूजमधून आलं' हे वाक्य रॉकवरच्या प्रत्येक चर्चेत येतं, सगळे मान डोलावतात आणि विषय लगेच बीटल्सकडे वळतो. मला त्या वाक्यापाशी जरा थांबायचं आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. आलं म्हणजे काय आलं? चाली आल्या, शब्द आले, की वाजवण्याची रीत आली? हे सगळंच आलं. पण माझ्या मते सगळ्यांत मोठा वारसा आवाजाचा आहे. विजेवर वाजणाऱ्या, कडा फाटलेल्या गिटारचा आवाज. तो मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत घडला नाही. तो घडला शिकागोच्या साउथ साइडमधल्या बारमध्ये, साधारण १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत.

मडी वॉटर्स या ब्लूज गायकाचंच बघा. खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉल नावाचा मळा होता, तिथे तो राबायचा आणि शनिवारी रात्री गिटार वाजवायचा. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क लोकगीतं मुद्रित करत तिथे पोचले. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांनी मडीची गाणी घेतली. स्वतःचा आवाज यंत्रातून त्याने तेव्हा ऐकला, आणि आपल्याला गाता येतं याची खात्री तेव्हा पटली असं तो पुढे सांगायचा. लोमॅक्सने नंतर दोन रेकॉर्डी आणि वीस डॉलरचा चेक पाठवला. मडीने त्यातली एक नेऊन कोपऱ्यावरच्या ज्यूकबॉक्समध्ये लावली.

१९४३ मध्ये तो आगगाडीने शिकागोला गेला. दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसं त्या काळात अशीच उत्तरेकडे निघाली होती. अर्धेलीच्या शेतीत कर्ज कधी फिटायचं नाही, वर्णभेदाचे कायदे होते, झुंडीने जीव जाण्याची भीती होती. शिकागोत कारखाने होते, पगार होता आणि संध्याकाळी भरलेले बार होते. त्या बारमध्ये लोक मोठमोठ्याने बोलायचे, ग्लास आपटायचे, नाचायचे. साध्या लाकडी गिटारचा आवाज पुढच्या टेबलापलीकडे जाईना. मामाने इलेक्ट्रिक गिटार दिली, आणि इथून पुढे सगळं बदललं.

तेव्हाचे ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं, लहान असत. आवाज त्यांच्या कुवतीपलीकडे चढवला की स्वर घोगरा व्हायचा, चिरफाळायचा. यंत्र बनवणाऱ्याच्या दृष्टीने तो दोष. वादकांनी मात्र तो दोष ठेवून घेतला, कारण गळ्यातून जे निघतं त्याच्या जवळ जाणारं काहीतरी त्यात होतं. लिट्ल वॉल्टरने तर माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही एकाच ओंजळीत धरले आणि ते वाद्य सॅक्सोफोनएवढं मोठं करून टाकलं. १९५२ चं त्याचं 'ज्यूक' ऐका.

१९४८ मध्ये मडीची 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' ही रेकॉर्ड निघाली आणि हातोहात संपली. कंपनी लेनर्ड आणि फिल चेस या भावांची, पोलंडमधून आलेलं ज्यू कुटुंब. लवकरच तिचं नाव चेस रेकॉर्ड्स झालं. १९५० मध्ये 'रोलिन स्टोन' आलं. त्या एका गाण्यावरून पुढे रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडने नाव घेतलं. दोन गिटार, बास, ड्रम, पुढे एक गाणारा: रॉक बँडची जी मांडणी आपण गृहीत धरतो तिचा बराचसा साचा मडीच्या बँडमध्ये दिसतो.

तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल. कुठल्या एका रेकॉर्डमुळे हा धागा तुमच्या कानात जोडला गेला, तेही लिहा.


बारा_मात्रा

+१. मी हार्मोनियम आणि गिटार दोन्ही वाजवतो, म्हणून आपल्या स्वरांच्या भाषेत भर घालतो.

ब्लूजचा सगळ्यांत रुळलेला आराखडा बारा बारचा. इथे बार म्हणजे मात्रांचा एक गट, आणि कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे दोन-तीन स्वर. सा आधार धरला तर पहिले चार बार सा च्या कॉर्डवर, पुढचे दोन म च्या, मग दोन परत सा च्या. नंतर एक प चा, एक म चा आणि शेवटचे दोन सा चे. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, आणि शफल वाजवताना प्रत्येक मात्रेचे आतून तीन भाग पडतात. शब्दही याच मापाचे: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरीत उत्तर. ओळ संपल्यावर जागा उरते तिथे गिटार बोलते. चक बेरीचं १९५८ चं 'जॉनी बी. गूड' मोजून बघा, तेच बारा बार. फक्त लय दामटलेली आणि मात्रेचे तीनाऐवजी दोन भाग.

स्वर पाहिले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे धानीचे स्वर. पण खरी गंमत कोमल गंधारात आहे. खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि वर गिटारवाला तार ओढून कोमल ग शुद्धाच्या दिशेने नेतो आणि मधेच सोडून देतो. ही घासाघीस म्हणजे ब्लूज. पियानोवर मधला स्वर मिळत नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून निसटतात.

आता उत्तररात्र यांचा फाटलेल्या आवाजाचा मुद्दा. ॲम्पवर ताण आला की लहरीची टोकं कापली जातात आणि मुळात नसलेले उपस्वर तयार होतात. सा आणि ग एकत्र छेडले तर त्या उपस्वरांचा चिखल होतो. सा आणि प छेडले तर मात्र आवाज भरीव आणि प्रचंड लागतो. रॉकमधली पॉवर कॉर्ड हीच, गंधार वगळलेली. आवाज आधी फाटला, आणि त्या आवाजाला मानवतील असे स्वर नंतर निवडले गेले. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाच्या १९५१ च्या 'हाउ मेनी मोअर इयर्स'मध्ये विली जॉन्सनची गिटार ऐकली की हे सगळं तिथे आधीच हजर असल्याचं कळतं. ते मुद्रण शिकागोचं नाही हं, मेम्फिसचं. सॅम फिलिप्सने केलेलं.


शेवंती

लेख उत्तम, पण वाचताना खटकलं: यात एकही बाई नाही.

सिस्टर रोझेटा थार्प. आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावची, चर्चमध्ये वाढलेली. इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी म्हणायची, आणि तिचे गिटारचे तुकडे ऐकलेत तर चक बेरी कुठून आला ते लगेच समजतं. मडी वॉटर्सची पहिली गाजलेली रेकॉर्ड १९४८ ची. थार्पचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४ मध्ये मुद्रित झालं होतं. १९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला. प्रेक्षक एका फलाटावर, कलाकार समोरच्या. पाऊस पडत होता. ती लांब कोट घालून येते, गिटार चढवते आणि पावसावरचंच गाणं सुरू करते. चित्रफीत सहज सापडते, एकदा बघाच. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घेतलं २०१८ मध्ये. ती गेली १९७३ मध्ये.

बिग मामा थॉर्नटन. 'हाउंड डॉग' तिने १९५२ मध्ये गायलं, एल्व्हिसने १९५६ मध्ये. दोन्ही लागोपाठ ऐका. तिच्या आवाजात एका ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढणारी बाई आहे. एल्व्हिसच्या गाण्यात शब्द बदलले आणि ते खरोखरच कुत्र्याबद्दलचं गाणं झालं. पुढे तिचंच 'बॉल अँड चेन' रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने उचललं आणि १९६७ मध्ये माँटेरेच्या महोत्सवात गायलं. जॅनिसबद्दल एक गोष्ट मात्र आदराने सांगायला हवी. ब्लूजची सम्राज्ञी म्हणून गाजलेली बेसी स्मिथ १९३७ मध्ये अपघातात गेली, आणि तिच्या थडग्यावर दगड नव्हता. १९७० मध्ये जॅनिस आणि ज्वानिटा ग्रीन या दोघींनी खर्च करून तो बसवला.

आणि मेम्फिस मिनी! १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर तिने आणि कॅन्सस जो मकॉयने १९२९ मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' रेकॉर्ड केलं. १९७१ चं लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचं गाणं सगळ्यांना पाठ, मूळ किती जणांनी ऐकलंय?


झाकोळ

वाचतोय. मेम्फिस मिनी आत्ता ऐकली. दोन गिटार आणि एक गळा, बाकी काही नाही. झेपलिनमध्ये पूर ड्रममधून येतो, इथे तो नुसत्या शब्दांत आहे.


ट्रान्झिस्टर

शेवंतीताईंना अनुमोदन. पण मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय. धाग्याचा सूर असा लागतोय की रॉकचा बाप एकच. तसं नाही. गोऱ्या खेड्यांतलं कंट्री संगीत वजा केलं तर रॉक अँड रोल उभंच राहत नाही.

१९५५ च्या मे महिन्यात चक बेरी सेंट लुइसहून शिकागोला आला, मडी वॉटर्सला भेटला आणि रेकॉर्ड कुठे करू म्हणून विचारलं. मडीने त्याला लेनर्ड चेसकडे पाठवलं. बेरीला वाटत होतं की चेसला त्याचा ब्लूज आवडेल. चेसचे कान टवकारले ते 'आयडा रेड' या जुन्या खेडवळ चालीवरून रचलेल्या गाण्याला. त्याचं 'मेबलिन' झालं आणि ते देशभर वाजलं. ब्लूजच्या कंपनीत, कृष्णवर्णीय गायकाने, कंट्रीच्या चालीवर केलेलं गाणं!

एल्व्हिसची १९५४ ची पहिली रेकॉर्डही बघा. एका बाजूला आर्थर क्रुडपचा ब्लूज, 'दॅट्स ऑल राइट'. दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास गाणं, 'ब्लू मून ऑफ केंटकी'. सात इंचांच्या त्या तबकडीवर दोन्ही घराणी आहेत.


उत्तररात्र

शेवंती, तुमचा आक्षेप पूर्ण मान्य. थार्पला लोक चर्चसंगीतात टाकून मोकळे होतात आणि मग रॉकच्या इतिहासात तिची जागाच उरत नाही. पण तिची वाजवण्याची धाटणी आणि बारमधली धाटणी यांच्यात भिंत नव्हती. तीच माणसं शनिवारी रात्री एकीकडे आणि रविवारी सकाळी दुसरीकडे.

ट्रान्झिस्टर, 'मेबलिन'चा मुद्दा बिनतोड आहे. १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. माझा दावा त्यापुढच्या रॉकबद्दल जास्त आहे, साधारण १९६२ नंतरच्या. तिथे ब्लूजचा हिस्सा अचानक वाढतो, आणि तो वाढवतात अटलांटिकच्या पलीकडची मुलं.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये मडी वॉटर्स इंग्लंडला गेला. तिथल्या रसिकांनी तोवर बिग बिल ब्रून्झीला साध्या गिटारवर ऐकलं होतं आणि ब्लूज म्हणजे हेच अशी त्यांची समजूत होती. मडीने इलेक्ट्रिक गिटार लावली आणि कित्येकांचे कान किटले. १९६३ मध्ये तो परत गेला तेव्हा लोकांची आवड ध्यानात ठेवून साधी गिटार घेऊन गेला. तोवर नवी पोरं उभी राहिली होती आणि त्यांना नेमका ॲम्पच हवा होता.

ही पोरं आली कुठून? १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला लहानपणचा वर्गमित्र दिसला. काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी. तो मिक जॅगर. पुढे दोघंही रोलिंग स्टोन्समध्ये. १९६२ च्या मार्चमध्ये अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी लंडनच्या ईलिंग भागात ब्लूजचा क्लब सुरू केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मँचेस्टरला अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल झाला: जॉन ली हुकर, टी-बोन वॉकर, विली डिक्सन, मेम्फिस स्लिम. प्रेक्षकांत जॅगर, रिचर्ड्स, त्यांच्याच बँडमधला ब्रायन जोन्स आणि पुढे लेड झेपलिनचा गिटारवाला झालेला जिमी पेज. पुढच्या दहा वर्षांतलं रॉक त्या सभागृहात खुर्च्यांवर बसलं होतं.

मग १९६६. जॉन मेयॉलच्या बँडसोबत एरिक क्लॅप्टनने गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल ॲम्पला जोडली आणि स्टुडिओतही स्टेजवर वाजवतो तितक्याच मोठ्याने वाजवणार असा हट्ट धरला. मार्शल म्हणजे लंडनमधल्या ड्रमच्या दुकानदाराने अमेरिकन फेंडर ॲम्प समोर ठेवून बनवलेला ॲम्प. शिकागोच्या बारमधली गरज इथे हौस झाली, आणि मग तीच रॉकची रीत.


शिकागोकर

मी शिकागोत राहतो. २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू ही चेसच्या जुन्या स्टुडिओची जागा. बाहेरून बघाल तर साधी दुमजली इमारत, पटकन लक्षातही येत नाही. १९६४ च्या जूनमध्ये स्टोन्स इथे येऊन रेकॉर्डिंग करून गेले आणि एका वाद्यरचनेला त्यांनी हा पत्ताच नाव म्हणून दिला. आज तिथे विली डिक्सनने सुरू केलेली ब्लूज हेवन फाउंडेशन ही संस्था आहे.

विली डिक्सनचं नाव वर नुसतं येऊन गेलं. 'हूची कूची मॅन' त्याचं, 'लिट्ल रेड रूस्टर' त्याचं, 'स्पूनफुल' त्याचं. उंचापुरा, आधी मुष्टियोद्धा, मग बास वाजवणारा, आणि चेसमधल्या अर्ध्याअधिक गाण्यांमागचा कारागीर. मडीसाठी त्याने 'यू नीड लव्ह' लिहिलं, ते १९६२ मध्ये आलं. १९६९ मध्ये लेड झेपलिनच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये त्याचे शब्द आले, नाव आलं नाही. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. नंतरच्या छपाईत त्याचं नाव गाण्याला लागलं. त्याच अल्बममधल्या 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोअर'चा मोठा भाग आहे, त्यावरूनही १९७२ मध्ये दावा झाला आणि तडजोड झाली.

'प्रभाव' हा शब्द मला यासाठी अपुरा वाटतो. काही ठिकाणी सरळ उचल आहे.


झाकोळ

पण ब्लूजवाले स्वतःही एकमेकांच्या ओळी घेतच होते ना? एकाच ओळीने सुरू होणारे पाच जणांचे ब्लूज सापडतात. मडीनेही रॉबर्ट जॉन्सन आणि सन हाउस या मिसिसिपीच्या जुन्या गायकांकडून घेतलंय. ही परंपराच देवाणघेवाणीची आहे. मग झेपलिनलाच का धरायचं?


शिकागोकर

झाकोळ, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ओळी फिरत होत्या हे खरं. मळ्यावरच्या दोन गायकांनी एकमेकांची ओळ घेतली तेव्हा दोघांच्याही खिशात काही नव्हतं आणि ओळीच्या मालकीची कुठे नोंदही नव्हती. १९६९ मध्ये लाखो प्रती खपणाऱ्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून चौघांची नावं छापली जातात तेव्हा दर प्रतीमागे पैसे कुणाला जाणार ते ठरतं. परंपरेतून घेतलं म्हणायचं आणि पावती मात्र स्वतःच्या नावावर फाडायची, हे जुळत नाही.

आणि सगळे तसे वागले नाहीत. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडने १९६६ मध्ये स्किप जेम्सचं १९३१ चं 'आय एम सो ग्लॅड' घेतलं आणि गीतकार म्हणून त्याचं नाव दिलं. जेम्स तेव्हा कर्करोगाने आजारी होता आणि त्या मानधनाचा त्याला शेवटच्या वर्षांत आधार झाला. नाव दिलं की काय होतं त्याचं हे उदाहरण. उलट बाजूला आर्थर क्रुडप. एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड त्याच्या गाण्याची, पण हक्काचे पैसे मिळवण्यासाठी तो आयुष्यभर भांडला आणि १९७४ मध्ये गेला तेव्हाही ते हाती आले नव्हते.

यात सगळा दोष इंग्रज पोरांचा नाही हेही लिहितो. अमेरिकन कंपन्यांनी या कलाकारांना ज्या करारांवर सह्या करायला लावल्या, त्यातच पुढचं नुकसान लिहिलेलं होतं. मडी, वुल्फ आणि डिक्सन या तिघांनाही १९७० च्या दशकात चेसच्याच प्रकाशन कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं.


पिंपळपान

रॉबर्ट जॉन्सनचं नाव आलंच आहे तर चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याच्या कथेबद्दल लिहितो, कारण कोणीतरी ती टाकणारच. ती कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची, त्याच्या भावाने सांगितलेली. रॉबर्टला ती नंतर चिकटली. सन हाउसने पाहिलेला रॉबर्ट आधी फार वाईट वाजवायचा, काही काळ गायब झाला आणि परतला तो थक्क करणारा वादक होऊन, एवढं त्यामागचं बीज. मधल्या काळात तो आइक झिमरमन या वादकाकडे शिकत होता. दोघं रात्री कब्रस्तानात बसून सराव करायचे, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे. मला ही हकीकत सैतानाच्या कथेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. रियाजाचं श्रेय सैतानाला का द्यायचं?

१९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियो आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलस, एवढ्या दोनच ठिकाणी त्याचं रेकॉर्डिंग झालं, एकूण २९ गाणी. १९३८ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंडने कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात त्याला जॉन्सन हवा होता. तो गेल्याचं कळल्यावर बिग बिल ब्रून्झीला बोलावलं, आणि जॉन्सनच्या रेकॉर्डी स्टेजवर लावून ऐकवल्या. शेवंतीताई, त्याच रात्री त्याच स्टेजवर रोझेटा थार्पही गायली होती.

१९६१ मध्ये कोलंबियाने त्याच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि क्लॅप्टन, रिचर्ड्स मंडळींनी तो अक्षरशः घोटला. क्रीमचं १९६८ चं 'क्रॉसरोड्स' त्यातूनच आलं.


ट्रान्झिस्टर

उत्तररात्र, इंग्रजांना जरा जास्तच श्रेय दिलंत. शिकागोतच पॉल बटरफील्ड ब्लूज बँड होता. गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र, बास आणि ड्रमवर हाउलिन वुल्फच्या बँडमधले जेरोम अर्नोल्ड आणि सॅम ले. गिटारवाला माइक ब्लूमफील्ड श्रीमंत घरातला, पण साउथ साइडच्या क्लबांत जाऊन थेट त्या माणसांसमोर बसून शिकलेला. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन पहिल्यांदा इलेक्ट्रिक बँड घेऊन उभा राहिला तेव्हा मागे ब्लूमफील्ड, अर्नोल्ड आणि ले होते. लोकसंगीताच्या श्रोत्यांत जो गदारोळ उडाला त्यामागे शिकागोचाच आवाज होता. याच बँडचं १९६६ चं 'ईस्ट-वेस्ट' तेरा मिनिटांचं आहे आणि त्यात ब्लूमफील्ड आपल्या रागसंगीताच्या प्रभावाखाली एकाच आधारस्वरावर विस्तार करत जातो. बारा_मात्रा, तुम्ही ते ऐकून लिहाच.


बारा_मात्रा

ऐकलं. रागाची शिस्त त्यात नाही, पण कॉर्ड बदलायच्या सोडून एका षड्जावर ठाण मांडायचं धाडस आहे. पुढे रॉकमध्ये लांबलचक गिटारवादनाची जी प्रथा पडली तिची ही एक सुरुवात.

ब्लूज कुठे संपतो त्याबद्दलही लिहितो. बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ १९६८ मध्ये ब्लूज बँड म्हणूनच सुरू झाला. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने टोपणं घडवून बोटांवर चढवली आणि पुढे तारा सैल लावायला लागला. त्यांच्या १९७० च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं घ्या: सा, तार सा, आणि मग तीव्र मध्यम. बस. ब्लूजमध्ये तीव्र म हा म आणि प यांच्यातला जाता जाता घ्यायचा स्वर. आयोमीने त्याच्यावर मुक्काम केला आणि पंचम येऊच दिला नाही. माझ्या कानाला इथे मेटल ब्लूजचं घर सोडतं.


मांडवीकाठ

अवांतर वाटेल, पण गोव्याची म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर ब्लाइंड विली जॉन्सनची १९२७ ची स्लाइड गिटार आहे. गाण्यात शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि काचेसारखी घसरणारी तार. त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' आहे. आणि आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', तीही तिथेच आहे. ब्लूज, त्यातून निघालेलं रॉक अँड रोल आणि जयपूर घराणं, तिन्ही एका तबकडीवर. मी ती तिन्ही मुद्रणं एकापाठोपाठ एक लावून ऐकते. विली जॉन्सनची मींड आणि केसरबाईंची मींड यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी कान एकीकडून दुसरीकडे सहज जातो.


शेवंती

मांडवीकाठ, ही माहिती नवीन होती. ऐकते आजच.


उत्तररात्र

ट्रान्झिस्टर, ब्लूमफील्डबद्दलची दुरुस्ती मान्य, इंग्लंडकडे माझा काटा जास्त झुकला होता. तरी एक प्रसंग सांगतो. १९६५ च्या मे महिन्यात 'शिंडिग' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात स्टोन्सना बोलावलं, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फलाही घ्यायला लावलं. तो शिकागोत गात होता, त्याच देशात, पण त्याला गोऱ्या घराघरांत पोचवायला लंडनची मुलं यावी लागली. स्टोन्स त्याच्या पायाशी बसून ऐकतायत आणि तो पहाडासारखा माणूस गातोय.

नव्याने ऐकणाऱ्यांना मी एकाच गाण्याचा माग काढायला सांगेन: 'किलिंग फ्लोअर'. आधी वुल्फचं १९६४ चं मूळ. गिटारवर ह्यूबर्ट समलिन, सोबत साध्या गिटारवर तरुण बडी गाय, ड्रमवर वर ट्रान्झिस्टर यांनी सांगितलेला सॅम ले. मग जिमी हेंड्रिक्स. लंडनला येऊन आठवडाभरातच, १९६६ च्या १ ऑक्टोबरला, तो क्रीमच्या कार्यक्रमात स्टेजवर चढला आणि त्याने हेच वाजवलं, क्लॅप्टन समोर असताना. १९६७ ला माँटेरेत त्याने सुरुवातही यानेच केली, ते मुद्रण उपलब्ध आहे. लय जवळपास दुप्पट वाटते. शेवटी झेपलिनचं 'लेमन साँग'. पाच वर्षांत एकच गाणं तीन घरांत फिरलं, आणि प्रत्येक वेळी गिटारची जागा वाढत गेली.


पिंपळपान

बडी गायला मी मुंबईत ऐकलंय. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा. पंचाहत्तरीला आलेला माणूस, वाजवता वाजवता स्टेजवरून उतरून थेट गर्दीत शिरला. लुइझियानाच्या शेतावरून १९५७ मध्ये शिकागोला गेलेला हा वादक, मडीसोबत वाजवलेला, वुल्फसोबत वाजवलेला. माझ्या आजूबाजूला बरेच जण क्लॅप्टन आणि हेंड्रिक्समुळे तिथे आलेले होते. परत जाताना त्यांच्यातले दोघंतिघं मडी वॉटर्सच्या रेकॉर्डींची नावं विचारत होते.


झाकोळ

'किलिंग फ्लोअर' तिन्ही ऐकली. मूळच मला सगळ्यांत जड वाटलं, आणि त्यात आवाज सगळ्यांत कमी आहे. समलिन नेमकं काय करतो? सूर इतके तुटक आणि तरी चिकटलेले कसे?


उत्तररात्र

झाकोळ, तो नखी वापरत नाही. वुल्फने त्याला बजावलं होतं की तू नखीने फार वाजवतोस, ती ठेवून दे आणि बोटांनी वाजव. बोटाच्या मांसाने छेडलेल्या सुराची सुरुवात मऊ होते आणि तोच हात तार लगेच थांबवू शकतो, म्हणून प्रत्येक तुकडा गाणाऱ्याच्या ओळीला उत्तर देऊन गप्प बसतो. 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' ऐका, १९५६ चं. पूर्ण गाण्यात एकच कॉर्ड आहे. समलिन २०११ च्या डिसेंबरात गेला आणि त्याच्या अंत्यविधीचा खर्च जॅगर आणि रिचर्ड्सने केला. शिकागोकर यांच्या यादीत हेही असू द्या.